शिडी भांडवली, होज महसुली

अग्निशमन दलाच्या खरेदीविषयी आपल्या वर्तमानपत्रांत साधारणपणे दोन प्रसंगी बातमी येते. एक, नवी उंच शिडी किंवा नवे वाहन दाखल होते तेव्हा. गाडीला झेंडूचा हार, पुढच्या चाकाशी फोडलेला नारळ आणि मान्यवरांच्या हातात हिरवा झेंडा. दुसरी, मोठ्या आगीनंतर. अमुक यंत्र बंद होते, तमुक वाहन कार्यशाळेत उभे होते आणि कोट्यवधींची शिडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात त्या यंत्राचे काय झाले, त्यावर दर वर्षी किती खर्च व्हायला हवा होता, प्रत्यक्षात किती झाला आणि उरलेला कोणी कापला, हे सहसा कोठे छापून येत नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे या मधल्या काळातल्या नस्त्यांवर (फायलींवर) टिपणी लिहिण्यात गेली. मी मुंबई महानगर परिसरातील एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखा विभागात होते आणि अग्निशमन विभागाची खरेदी माझ्या टेबलावरून पुढे जात असे. निवृत्तीनंतर परळला राहते, आणि तेथील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीवरही आहे. त्यामुळे या विषयाची दुसरी बाजूही अलीकडे जवळून पाहायला मिळाली.

अग्निशमन दलाच्या गरजा आणि जबाबदार खर्च यांचा मेळ कसा घालावा, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते: दल मागत आहे आणि लेखा विभाग नाही म्हणत आहे. हे चित्र अगदीच खोटे नाही, पण माझ्या अनुभवात खरी अडचण निराळी होती. मोठ्या यंत्राला पैसे मिळणे फारसे कठीण नसते. कठीण असते ते त्या यंत्राला दहा वर्षे चालते ठेवण्यासाठी पैसे मिळणे, आणि त्याचे कारण लोभ किंवा अनास्था यांच्यापेक्षा आपल्या अर्थसंकल्पाच्या रचनेत अधिक आहे.

खर्चाची दोन मोठी वर्गवारी असते, भांडवली आणि महसुली. शिडी, फायर इंजिन, जम्बो टँकर, नवे अग्निशमन केंद्र हे सारे भांडवली. होज (पाणी वाहून नेणाऱ्या लवचिक नळ्या), हातमोजे, गमबूट, श्वसनसंचाच्या (धुरात श्वास घेण्यासाठी जवान पाठीवर बांधतात त्या हवेच्या संचाच्या) सिलिंडरची चाचणी, पंपाचे सील, बॅटऱ्या, वार्षिक देखभाल करार आणि प्रशिक्षण हे प्रामुख्याने महसुली. भांडवली तरतूद म्हणजे शहराची प्रगती, असा आपला सर्वांचाच समज असतो, आणि महसुली खर्च म्हणजे आस्थापनेचा बोजा. डिसेंबर-जानेवारीत सुधारित अंदाज तयार होऊ लागले आणि उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी दिसले, की सर्व विभागांना परिपत्रक जाते की महसुली खर्चात सरसकट अमुक टक्के कपात करावी. उद्यान विभागाने कुंड्या कमी घेतल्या तर फारसे बिघडत नाही. अग्निशमन विभागाने होज कमी घेतले तर ते दिसतही नाही, निदान त्या वर्षी तरी दिसत नाही. त्याच वर्षी भांडवली लेखाशीर्षाखालचे पैसे मात्र मार्चअखेर व्यपगत (रद्द) होऊ नयेत म्हणून घाईघाईने खर्ची टाकले जातात, आणि भांडवलातले महसुलाकडे वळवावे म्हटले तर पुनर्विनियोजनाला सहसा मान्यता मिळत नाही. अशा रीतीने एकाच आर्थिक वर्षात, एकाच विभागात, एका टेबलावर पैसा उतू जात असतो आणि शेजारच्या टेबलावर होजसाठी तीन-तीन वेळा त्रुटी काढल्या जात असतात.

होज म्हणजे नेमके काय, हे मला कार्यालयात बसून कळले नव्हते. एकदा साठा पडताळणीसाठी केंद्रावर गेले असता भांडारपालाने यादी पुढे केली. यादीत संख्या बरोबर होती आणि मी सही करणार होते. तेथील सब ऑफिसर म्हणाले, “मॅडम, नुसत्या गुंडाळ्या मोजू नका, दोन उघडून बघा.” त्यांनी त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाच्या होजची एक गुंडाळी अंगणात सोडली, टोकाची कपलिंग जोडून पंपाने दाब वाढवला, आणि काही क्षणांत त्या होजच्या अंगातून जागोजागी सुईसारखी पाण्याची कारंजी उडू लागली. ज्या घडीवर तो होज वर्षानुवर्षे एकाच तऱ्हेने गुंडाळलेला होता, बरोबर त्या घडीवर आतला रबरी थर चिरला होता. दुसरी गुंडाळी धडधाकट निघाली. नोंदवहीत दोन्हींची किंमत सारखीच होती. इमारतीच्या जिन्यावरून पाचव्या मजल्यापर्यंत अशा होजची रांग जोडत नेली आणि मधला एक फुटला, तर पुढे नोझल धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातले पाणी जाते, आणि पाणी जाते तेव्हा तो आगीच्या अगदी समोर असतो. त्या दिवसानंतर होजच्या नस्तीवर मी ‘मागील वर्षीचा साठा शिल्लक असता नव्याने खरेदीचे प्रयोजन काय?’ अशी टिपणी लिहिलेली नाही.

श्वसनसंचाचे गणित तर लेखा विभागाला सहज समजावे असे आहे. हल्ली वापरात असलेल्या हलक्या कार्बन कॉम्पोझिट सिलिंडरचे आकारमान साधारण ६.८ लिटर असते आणि त्यात ३०० बार दाबाने हवा भरतात. म्हणजे ढोबळमानाने २,०४० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर हा हिशेब धरला तर ती सुमारे ५० मिनिटे पुरावी. प्रत्यक्षात अंगावर जड पोशाख, हातात भरलेला होज, धुराने काळोखलेला जिना आणि छातीत धडधड असताना माणूस त्याच्या दीडपट-दुप्पट हवा ओढतो. शिवाय दाब ५०-६० बारच्या आसपास आला की शिटी वाजू लागते आणि तेव्हा परत फिरायचे असते. राहतो तो अर्धा तास, कधी त्याहूनही कमी. त्यातला वर चढण्यात किती, शोधण्यात किती आणि खाली उतरण्यात किती, हे ज्याचे त्याने मोजावे. पाळी बदलताना जवान प्रत्येक सिलिंडर उघडून दाब वाचतात, मग हवा हळूहळू सोडून शिटी वेळेवर वाजते की नाही हे कान देऊन ऐकतात. सारे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम. या सिलिंडरांची ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते आणि त्यांना आयुष्यही असते, बहुतेकांना पंधरा वर्षांचे. चाचणीची मुदत उलटलेले सिलिंडर भरता येत नाहीत. ते मांडणीवर असतात, यादीतही असतात, पण आगीत नसतात. चाचणीचा खर्च पुन्हा महसुली.

आता शिडीकडे वळते, कारण शिडीशिवाय मुंबईत हा विषय पुढे सरकत नाही.

मी उंच शिडीच्या विरुद्ध नाही. २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्यातील एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली, धुरामुळे जिने बंद झाले आणि माणसे गच्चीवर जाऊन अडकली. तेव्हा ८४ जणांची सुटका झाली ती प्रामुख्याने शिड्यांमुळेच. त्या एका दुपारी त्या वाहनांची सारी किंमत वसूल झाली, असे मी लेखा विभागातली असूनही म्हणेन. परंतु वांद्र्याच्या त्या इमारतीभोवती वाहन उभे करण्याजोगी जागा होती आणि इमारत शिडीच्या आवाक्यात होती. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. म्हणजे साधारण तिसावा मजला. लोअर परळचा वर्ल्ड वन हा मनोरा २८० मीटर उंच आहे. तिप्पट उंचीच्या इमारतीला पुरेल अशी शिडी कोणीच बनवत नाही आणि कधी बनवलीच तरी ती पुलाखालून जाणार नाही. फिनलंडची ब्रॉण्टो स्कायलिफ्ट असो की जर्मनीची मॅगिरस, उंच शिड्यांची अशी यंत्रे तयार करणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यामुळे किंमतही त्यांच्या चलनात आणि सुटे भागही त्यांच्या सवडीने. शिडीचा एखादा सेन्सर गेला की मूळ कंपनीचा तंत्रज्ञ येईपर्यंत ते वाहन उभे राहते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे शब्दशः लागू होत नाही, कारण कोंबडीच मुळात महाग आहे. पण मसाल्याचा विचार न करता कोंबडी आणण्याची आपली रीत तीच आहे.

दुसरा मुद्दा जमिनीचा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार उंच इमारतीभोवतीचा मार्ग ४५ टनांपर्यंतच्या अग्निशमन वाहनाचे वजन पेलू शकेल असा असावा लागतो. ९० मीटरच्या शिडीचे वाहन याच वजनाच्या आसपासचे. ते नुसते उभे राहून चालत नाही, दोन्ही बाजूंना लोखंडी पाय पसरून त्यावर तोलावे लागते. आता आपल्या वस्त्यांकडे पाहावे. एका बाजूला मोटारगाड्यांची रांग, दुसऱ्या बाजूला दुचाक्या, मध्ये पोडियमची फरसबंदी आणि त्याखाली दोन मजली वाहनतळ. चालकाने त्या स्लॅबवर पाय टेकवायचे की नाहीत हे त्याला त्या घटकेला कोणी सांगायचे? भुलेश्वर, काळबादेवी, मोहम्मद अली रोडच्या आतल्या गल्ल्यांत तर हा प्रश्नही उद्भवत नाही, कारण शिडी तेथवर पोहोचतच नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत इमारत कोसळून संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी जागीच गेले, आणि गंभीर भाजलेले सुधीर अमीन व प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्याच महिन्यात गेले. दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यासह चौघे एका आगीत. अशा गल्लीतल्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीत उपयोगी पडते ते लहान आकाराचे वाहन, आगीच्या उष्णतेचा अंदाज देणारा थर्मल कॅमेरा, भिंतीपलीकडे बोलता येईल असा वॉकीटॉकी, आणि इमारत केव्हा धोक्याची झाली हे ओळखण्याचे प्रशिक्षण. ते सगळे त्या दिवशी असते तर काय झाले असते, यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत टाळायची असेल, तर यंत्राची मागणी वर्दीच्या, म्हणजे मदतीसाठी दलाला आलेल्या हाकांच्या, नोंदवहीतून यायला हवी.

आणि नोंदवही उघडली की आपला समज बराच बदलतो. वर्दी म्हटले की आपल्याला आग आठवते, पण पावसाळ्यात झाडे पडतात, दरडी आणि भिंती कोसळतात, नाल्यात कोणी वाहून जाते, लिफ्ट मधेच अडकते, गॅसगळती होते, मकरसंक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेले पक्षी सोडवावे लागतात. या कामांना लागणारी साधने तुलनेने स्वस्त असतात: साखळी करवत, हायड्रॉलिक कटर, दोर, टेकू, हवेने फुगणाऱ्या उचल-पिशव्या. ती रोज वापरली जातात, म्हणून रोज झिजतात. आमच्याकडे साखळी करवतीची पाती बदलण्याची मागणी एका वर्षी ‘पुढील आर्थिक वर्षात सादर करावी’ असा शेरा मारून परत पाठवली गेली होती. तो शेरा लिहिणारे अधिकारी वाईट नव्हते, पुढच्या आर्थिक वर्षाच्या आधी पावसाळा येत नाही हा त्यांचा हिशेब खरा होता. वळीव आणि वादळे आर्थिक वर्ष पाहून येत नाहीत, एवढेच.

कमी दराच्या निविदेला सगळे बोल लावतात. मला तो राग अर्धवट वाटतो. न्यूनतम दर स्वीकारण्याच्या पद्धतीने सार्वजनिक पैशांचे रक्षणही पुष्कळ केले आहे. दोष असतो तो बहुधा तांत्रिक विनिर्देशात, म्हणजे वस्तू कशी असावी हे सांगणाऱ्या अटींत. एक तर ते इतके ढिले लिहिलेले असतात की काहीही चालून जाते, किंवा इतके घट्ट की एकाच कंपनीचे उत्पादन त्यात बसते. दोन्ही प्रकारांत लिहिणाऱ्याने ती वस्तू हातात धरलेली नसते. आगीच्या पोशाखाचे उदाहरण घ्या. त्याला तीन थर असतात: बाहेरचा आगीला टिकणारा, मधला पाणी अडवणारा आणि आतला उष्णता रोखणारा. युरोपीय ईएन ४६९ किंवा अमेरिकी एनएफपीए मानकाचे प्रमाणपत्र मागितले की कापडाचा प्रश्न सुटतो, मापाचा सुटत नाही. आमच्याकडे एका खेपेला आलेल्या कोटांच्या बाह्या इतक्या लांब होत्या की हातमोजा घातल्यावर रेडिओचे बटण दाबता येईना. प्रमाणपत्रे सर्व बिनचूक होती. मुंबईच्या दलात २०१२ पासून महिलाही अग्निशामक म्हणून दाखल झाल्या. ज्या दलांत पोशाखाची आणि बुटांची मापे अजून एकाच अंगकाठीवर ठरत असतील, तेथे तो सारा खर्च फुकट जातो, कारण ढगळ पोशाखात हवा आणि वाफ दोन्ही शिरतात. दरलिफाफा उघडण्यापूर्वी नमुना केंद्रावर पाठवून, हातमोजे घालून, जिना चढून, अंधारात बकल लावून पाहण्याची अट विनिर्देशातच असली, तर न्यूनतम दराची भीती पुष्कळ कमी होते. याला वेळ लागतो हे खरे. मार्चअखेरीस खरेदी करणाऱ्याला तो नसतो.

या पोशाखाचेही आयुष्य मोजलेले असते. एनएफपीएच्या मानकानुसार उत्पादनापासून दहा वर्षांनी तो सेवेतून काढावा लागतो, मग तो दिसायला कितीही चांगला असो. आपल्याकडील दमट हवेत आणि धुण्याच्या पद्धतीत तो दहा वर्षे टिकेल असे मी मानत नाही.

वाहनांच्या आयुष्याचा प्रश्न २०२३ पासून अधिकच टोकदार झाला. केंद्र शासनाच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, आणि त्यात महापालिकांची वाहनेही येतात. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या विशेष वाहनांना तेवढी सूट आहे. पंधरा वर्षांचे फायर इंजिन दाखवून कोणी म्हणेल की, हे तर पन्नास हजार किलोमीटरही धावलेले नाही, मग भंगारात का? हा युक्तिवाद मी अनेकदा वाचला आहे आणि त्यातला अर्धा भागच मला पटतो. फायर इंजिन धावण्यासाठी नसते. ते घटनास्थळी उभे राहून तासन्‌तास पंप चालवते. २०२० च्या ऑक्टोबरात नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग विझायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला. अशा आगीत किलोमीटरचा काटा हलत नाही आणि इंजिन मात्र झिजत राहते. म्हणून निर्लेखनाचा (वाहन सेवेतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव इंजिनाच्या तासांवर आणि पंपाच्या चाचणीतल्या दाबावर यावा, किलोमीटरवर येऊ नये. पंधरा वर्षांची सरसकट मर्यादा मला अशास्त्रीय वाटते, तरीही लेखा विभागातल्या माणसाच्या नजरेने पाहता तिने एक उपकार केला आहे: वाहन कधी बदलायचे याची तारीख आता खरेदीच्या दिवशीच ठाऊक असते.

ती तारीख ठाऊक असून आपण काय करतो? समजा एखाद्या दलाकडे साठ वाहने आहेत. पंधरा वर्षांचे आयुष्य धरले तर दर वर्षी चार वाहने घ्यावी लागतील, आणि ही तरतूद पगारासारखी ठरलेली असेल. प्रत्यक्षात एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतर एकदम वीस वाहने घेतली जातात आणि मग आठ-दहा वर्षे काहीच घेतले जात नाही. ती वीस एकदम नवी असतात, एकदम हमी कालावधीबाहेर जातात, एकदम म्हातारी होतात आणि एकाच वर्षी भंगारात निघतात. तेव्हा पुन्हा ‘तातडीची बाब’ म्हणून प्रस्ताव येतो, आणि तातडीच्या बाबीत दराची घासाघीस होत नाही. माझ्या मते जबाबदार खर्चाची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती हीच आहे, वर्षाला चार वाहने. तिला उद्घाटन मात्र मोठे मिळत नाही.

वरून येणारा निधीही हीच सवय वाढवतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. बहुतेक राज्यांना त्यात २५ टक्के हिस्सा स्वतः घालावा लागतो. योजना चांगलीच आहे आणि लहान नगरपालिकांना तिची निकड आहे. परंतु अनुदानातून आलेल्या वाहनाचा चालक, डिझेल, टायर आणि दुरुस्ती ज्या नगरपालिकेच्या महसुली तरतुदीतून करायची, तिची ती तरतूद अनुदानाने वाढत नाही. यंत्रचालकाची पदे रिक्त असताना नवे वाहन आले की जुने एक उभे राहते, कारण माणूस तोच असतो.

मुंबईपुरते बोलायचे तर माझा अंदाज असा की अग्निसुरक्षेतला सगळ्यात फलदायी रुपया दलाच्या अर्थसंकल्पात नसून इमारतीच्या तळघरातल्या पंपखोलीत आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘नमुना ब’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) घेऊन सादर करायचा. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या वन अविघ्न पार्कच्या एकोणिसाव्या मजल्यावर आणि २२ जानेवारी २०२२ रोजी ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागली, तेव्हा दोन्ही वेळा इमारतीच्या स्वतःच्या अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचा प्रश्न पुढे आला. उंच मजल्यावर पाणी न्यायला इमारतीचा ओला रायझर (सर्व मजल्यांवर जाणारा, कायम पाण्याने भरलेला उभा नळ) चालू असेल तर जवानांनी वर जाऊन होज जोडला की पाणी येते. तो बंद असेल तर खालून होजची रांग जोडत चढावे लागते, आणि श्वसनसंचाचा तो अर्धा तास जिन्यातच संपतो.

आमच्या संस्थेचा ‘नमुना ब’ दर सहामाहीला वेळेवर सादर होत असे. समितीवर आल्यावर मी पंपखोली पाहायचा आग्रह धरला. मुख्य पंपाच्या पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होता, नळांतला दाब कायम राखणारा छोटा जॉकी पंप वारंवार सुरू होऊन आवाज करतो अशी पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार होती म्हणून रखवालदाराने खटका तसा ठेवला होता. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली होती. चार मजल्यांवरच्या होजच्या पेट्यांतून गनमेटलचे नोझल चोरीला गेले होते, आणि एका पेटीत कोणीतरी झाडू ठेवला होता. सर्वसाधारण सभेत खर्चाचा विषय मांडला तेव्हा एक सभासद म्हणाले, “फायर ब्रिगेड आहे ना? मग कर कशाला भरतो आपण?” त्याच सभेत प्रवेशदालनाच्या नव्या संगमरवराला कोणी हरकत घेतली नव्हती. दुरुस्तीचा खर्च सदनिकांवर वाटल्यावर दर सदनिकेला येणारी रक्कम एका कुटुंबाच्या एका हॉटेलच्या जेवणाएवढी होती. तो कागद फिरवल्यावर विषय मंजूर झाला. नोझल मात्र आम्ही मुद्दाम प्लास्टिकच्या मिश्रणाचे, भंगारात किंमत न येणारे घेतले.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी अग्निशमन विभागाच्या प्रत्येक भांडवली प्रस्तावासोबत एक पान जोडायला सांगत असे. त्यात मोजक्याच गोष्टी लिहायच्या: हे यंत्र गेल्या तीन वर्षांतल्या कोणत्या वर्द्यांना उपयोगी पडले असते, ते चालवायला प्रशिक्षित माणसे आज किती आहेत, हमी संपल्यावर देखभालीला दर वर्षी किती लागतील, तो खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होईल, आणि हे यंत्र बंद असेल त्या दिवशी काम कशाने चालेल. सुरुवातीला हा आणखी एक अडथळा आहे असेच सर्वांना वाटले, आणि ते स्वाभाविक होते. मग एकदा एका प्रदर्शनात पाहिलेल्या चकचकीत, दूरनियंत्रित यंत्राचा प्रस्ताव आला. पान रिकामे होते. मी नस्ती परत पाठवली. नाकारली नाही, फक्त पान भरून मागितले. आठवडाभराने ज्यांनी मला होज उघडायला लावला होता तेच अधिकारी, तोपर्यंत स्टेशन ऑफिसर झालेले, स्वतः नस्ती घेऊन आले. “मॅडम, हे मागे घेतो,” ते म्हणाले. “वर्द्या काढून पाहिल्या. असल्या जागी आपण वर्षातून एकदाही जात नाही. त्याऐवजी सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर द्या आणि जादा सिलिंडरांचा एक संच. आत्ता आगीच्या मधेच रिकामे सिलिंडर भरायला गाडी दुसऱ्या केंद्रावर पाठवावी लागते.”

कॉम्प्रेसर मूळ प्रस्तावाच्या एक-दशांश रकमेत आला. त्याचा वार्षिक देखभाल करार पहिल्याच दिवशी, पाच वर्षांसाठी, निविदेतच अंतर्भूत केला होता, कारण महसुली कपातीचे परिपत्रक डिसेंबरात येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.